डॉ. जॉन्सनचा आळस आणि त्याचा कोश

मनुष्याच्या हातून मोठें कार्य घडत नाहीं, तें बुद्धीच्या, द्रव्याच्या किंवा अवकाशाच्या अभावामुळें, असें सामान्यतः मानण्यांत येतें. हीं तीनही कारणें खरीं आहेत; परंतु त्यांपैकीं एकही जेथें लागू पडत नाहीं अशीं माणसें आपण नित्य पाहतों. बुद्धि आहे, पोटापुरतें मिळत आहे, संध्याकाळचे दोन तास रिकामे आहेत, आणि जें करावयाचें त्याची आवडही लहानपणापासून आहे. तरी कागद कोरा तो कोराच. विशेष हें कीं, ज्या कामाची मनाला खरी ओढ त्याच कामापाशीं आलें म्हणजे मनाचें घोडें पेंड खातें. शेजाऱ्याचा अर्ज लिहून द्यावयाचा असल्यास तें मुळींच अडत नाहीं. कर्ता आणि त्याचें इष्ट कार्य यांच्यामध्यें उभ्या राहणाऱ्या ह्या आंतल्या आडकाठीला 'आळस' हें एकच नांव देऊन तिची बोळवण करण्याची आपल्याकडे चाल आहे. हें नांव यथार्थ आहे काय, आणि ही आडकाठी दूर होते ती कशानें, ह्या दोन प्रश्नांचा विचार एका प्रसिद्ध पुरुषाच्या चरित्राच्या आधारें करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

तो पुरुष म्हणजे इंग्रजी भाषेचा कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन. मराठी वाचकांस हें नांव परकें नाहीं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं हातीं घेतलेलें त्याच्या 'रासेलस' ह्या कथेचें भाषांतर त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनीं पुरें केलें, आणि पुढें 'निबंधमालें'त त्याचें विस्तृत चरित्रही लिहिलें. तेव्हांपासून जॉन्सन म्हणजे उद्योगाचा पुतळा, अशी आपल्या सुशिक्षितांची समजूत होऊन बसली आहे. तिला आधारही भक्कम आहे. इ. स. १७५५ च्या एप्रिल महिन्याच्या १५ तारखेस प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कोशाचे दोन प्रचंड खंड होते. त्यांत ४२,७७३ शब्द होते, आणि त्यांचे अर्थ सिद्ध करण्यासाठीं ग्रंथांतरींचीं सुमारें १,१४,००० अवतरणें घातलेलीं होतीं. असला ग्रंथ ज्यानें मुख्यतः आपल्या एकट्याच्या बुद्धीवर उभारला त्यास आळशी म्हणावयास कोण धजेल? परंतु जॉन्सनला आळशी म्हणणारा एक साक्षीदार आहे, व त्याची साक्ष टाळतां येण्यासारखी नाहीं. तो साक्षीदार स्वतः जॉन्सन होय.

जॉन्सनचा जन्म इ. स. १७०९ सालीं लिचफील्ड येथें एका पुस्तकविक्रेत्याच्या घरीं झाला. इ. स. १७२८ सालीं तो ऑक्सफर्डला पेंब्रोक कॉलेजांत दाखल झाला. परंतु घरच्या दारिद्र्यामुळें सुमारें तेरा महिन्यांतच त्यास तें सोडावें लागलें. घरीं परतल्यावर विसाव्या वर्षीं त्याच्या मनाला एका भयंकर विषण्णतेनें घेरलें. गांवांतल्या घड्याळाकडे टक लावून पाहावें आणि किती वाजले हेंही उमगूं नये, अशी त्याची अवस्था झाली. मनावरचा हा भार झाडून टाकण्यासाठीं तो बर्मिंगहॅमपर्यंत पायीं जाई व पायींच परत येई. हें अंतर जाऊन येऊन बत्तीस मैलांचें आहे. ज्या माणसाला बत्तीस मैल चालण्याचा कंटाळा नाहीं, त्याला टेबलापाशीं बसून चार ओळी लिहिण्याचा कंटाळा कां यावा? शरीरसुखाची लालसा हा जर आळसाचा अर्थ असेल, तर जॉन्सनला जडलेली व्याधि आळस नव्हे, हें येथेंच दिसून येतें.

ह्या व्याधीवरील पहिला उतारा त्यास बर्मिंगहॅम येथेंच मिळाला, आणि तो देणारा त्याचा शाळासोबती एडमंड हेक्टर हा होता. लोबो नांवाच्या एका पोर्तुगीज जेझुइटानें लिहिलेल्या ॲबिसिनियाच्या प्रवासवृत्ताचें फ्रेंच प्रतीवरून इंग्रजी भाषांतर करण्याचें काम जॉन्सननें पत्करलें. आरंभ झाला, थोडा मजकूर छापखान्यांत गेला, आणि गाडें अडलें. हेक्टरनें त्यास कीर्तीचा लोभ दाखविला नाहीं, कीं आळसाच्या दुष्परिणामांवर व्याख्यान दिलें नाहीं. छापणारा ऑसबॉर्न हा गरीब गृहस्थ आहे; हें काम पुरें झाल्याशिवाय त्यास दुसरें घेतां येत नाहीं; त्यामुळें त्याच्या बायकामुलांचे हाल होत आहेत, एवढेंच त्यानें सांगितलें. जॉन्सन उठून बसला असें मात्र नाहीं. तो बिछान्यांतच पडून राहिला. पण पुस्तक पुढें घेऊन तोंडानें भाषांतर सांगूं लागला. हेक्टर तें लिहून घेई, मजकूर छापखान्यांत पोंचवी, आणि बहुतेक मुद्रितेंही तोच तपाशी. अशा रीतीनें जॉन्सनचें पहिलें पुस्तक इ. स. १७३५ सालीं बाहेर पडलें, व त्यास पांच गिनी मिळाल्या.

ह्या लहानशा प्रसंगांत पुढील सर्व चरित्राचें बीज आहे, असें आम्हांस वाटतें. येथें जॉन्सनचें मन सुधारलें नाहीं. त्याची विषण्णता गेली नाहीं. त्याला उत्साहाचें भरतें आलें नाहीं. बदललें तें एवढेंच कीं, जें काम त्याच्या आणि त्याच्या स्वतःच्या मनाच्या दरम्यान अडलेलें होतें, तें आतां त्याच्या आणि दुसऱ्या एका माणसाच्या दरम्यान येऊन पडलें. स्वतःशीं केलेला करार तो मोडूं शकत होता. ऑसबॉर्नच्या मुलांची उपासमार त्याला सोसवेना.

आतां कोशाकडे वळूं. इ. स. १७४६ च्या जून महिन्याच्या १८ तारखेस लंडनच्या कांहीं पुस्तकविक्रेत्यांशीं जॉन्सननें करार केला. मोबदला १,५०० गिनी, म्हणजे १,५७५ पौंड, ठरला. आणि काम तीन वर्षांत पुरें करण्याची उमेद त्यानें बाळगली. फ्रेंच अकादमीच्या चाळीस पंडितांस अशाच कोशासाठीं चाळीस वर्षें लागलीं, अशी त्या काळीं सांगण्यांत येणारी गोष्ट त्यास ठाऊक होती. तिच्यावर त्यानें विनोदही केला. फ्लीट स्ट्रीटनजीक गफ स्क्वेअरमध्यें त्यानें घर घेतलें. हें घर आजही उभें असून संग्रहालय म्हणून लोकांस पाहावयास मिळतें. त्याच्या माळ्यावर सहा लेखनिकांची बैठक मांडली. त्यांपैकीं पांच स्कॉटलंडचे होते. जॉन्सन ग्रंथ वाची, अवतरणास योग्य अशा वाक्यांवर शिसपेन्सिलीनें खुणा करी, आणि लेखनिक तीं वाक्यें उतरून घेत. ह्या सहा जणांचें वेतन त्याला आपल्या मोबदल्यांतूनच द्यावयाचें होतें. म्हणजे बर्मिंगहॅमला एक ऑसबॉर्न होता; येथें त्यानें सहा ऑसबॉर्न आपल्याच घराच्या माळ्यावर आणून बसविले!

तरीही काम अडलेंच. तें कोठें व कसें अडलें, ह्यावर ॲलन रेडिक यांनीं इ. स. १९९० सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनानें चांगला प्रकाश पाडला आहे. त्यांच्या मतें जॉन्सननें आरंभीं वह्या आंखून शब्दांचे अर्थ आपल्या कल्पनेप्रमाणें आधींच विभागून ठेविले होते, व अवतरणांसाठीं जागा सोडल्या होत्या. परंतु प्रत्यक्ष ग्रंथांतून अवतरणें येऊं लागलीं तेव्हां तीं त्या चौकटींत मावेनात. शब्द मनांत ठरविलेल्या अर्थानें न वागतां लेखकांच्या हातीं भलतींच रूपें धारण करीत असल्याचें दिसून आलें. इ. स. १७५० च्या सुमारास ती सर्व मांडणी टाकून देऊन काम नव्यानें जुळवावें लागलें. तीन वर्षांची मुदत उलटलेली, पैसा खर्चलेला, आणि हातीं पूर्ण असें कांहीं नाहीं! मनांत रेखलेला निर्दोष ग्रंथ व कागदावर उतरणारा सदोष ग्रंथ यांतील हें अंतर हीच आंतल्या आडकाठीची खरी जन्मभूमि होय. मनांतला ग्रंथ कधीं चुकत नाहीं. लिहावयास बसलें कीं चुकावयास आरंभ होतो. म्हणून मन लिहावयास बसूंच देत नाहीं. ज्याचा आदर्श उंच त्याची ही भीति मोठी. आणि जॉन्सनचा आदर्श फार उंच होता. त्यानें कोशाच्या प्रस्तावनेंत ही गोष्ट मोकळेपणानें सांगितली आहे: आरंभीं ज्या परिपूर्णतेचीं स्वप्नें पाहिलीं तीं सोडून देणें भाग पडलें, कारण परिपूर्णतेच्या मागें लागल्यास कामाला अंतच राहिला नसता.

ह्या अडचणीच्या काळांत जॉन्सननें जें केलें तें वरवर पाहतां वेडेपणाचें दिसतें. मोठें काम अडलें असतां त्यानें आणखी एक काम अंगावर घेतलें. इ. स. १७५० च्या मार्च महिन्याच्या २० तारखेस 'रॅम्ब्लर' नांवाचें निबंधपत्र सुरू झालें. तें दर मंगळवारीं व शनिवारीं निघे, आणि इ. स. १७५२ च्या मार्चच्या १४ तारखेपर्यंत त्याचे २०८ अंक निघाले. मोजक्या चारपांच अंकांखेरीज सारे निबंध एकट्या जॉन्सनचे आहेत. त्यांतील १३४ वा निबंध चालढकलीवरच आहे. कोणत्या विषयावर लिहावें ह्याचा विचार करण्यांत आपण वेळ दवडीत असतां छापखान्याचें बोलावणें आलें, असें त्यानें त्यांत स्वतःच सांगितलें आहे. छापखान्याचा पोरगा दाराशीं ताटकळत असतां हा निबंध लिहिला गेला, अशी आख्यायिकाही आहे. तिचा खरेखोटेपणा कसाही असो. दोन वर्षेंपर्यंत आठवड्यांतून दोनदां तसला पोरगा दाराशीं येत होता, एवढें निश्चित. कोशाच्या बाबतींत शेवट दूर होता, म्हणून भीतीस जागा होती. मंगळवार मात्र जवळ होता. निबंध निर्दोष होवो वा न होवो, मंगळवारीं तो निघणारच. सदोष मजकूर हातावेगळा करण्याची संवय ह्या दोन वर्षांनीं त्याच्या हाताला लावली, आणि तिचा उपकार कोशावरही झाला असला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

'रॅम्ब्लर' बंद झाल्यावर तीनच दिवसांनीं त्याची पत्नी वारली. त्या दुःखानें तो पुन्हा खोल बुडाला. परंतु इ. स. १७५३ च्या एप्रिलच्या ३ तारखेस आपण कोशाच्या दुसऱ्या खंडास आरंभ केल्याची नोंद त्याच्या रोजनिशींत आहे. आणि पुढें दोन वर्षांत तो खंड पुराही झाला. शेवटचा मजकूर हातीं आला तेव्हां अँड्र्यू मिलर ह्या पुस्तकविक्रेत्यानें, एकदांची ह्या माणसापासून सुटका झाली, म्हणून देवाचे आभार मानले. तें ऐकून जॉन्सन हंसून म्हणाला कीं, मिलर कशाबद्दल तरी देवाचे आभार मानतो हें ऐकून आनंद वाटला! तीन वर्षांचें काम नऊ वर्षांनीं संपलें, पण संपलें.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, एवढा कोश पुरा केल्यावर तरी त्याच्या मनाची आडकाठी कायमची गेली असेल. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. इ. स. १७५६ सालीं त्यानें शेक्सपिअरच्या नाटकांची नवी आवृत्ति काढण्याचें जाहीर केलें, वर्गणीदारांकडून पैसे घेण्यास आरंभ केला, आणि इ. स. १७५७ च्या नाताळापर्यंत ग्रंथ देण्याचें वचन दिलें. तो ग्रंथ निघाला इ. स. १७६५ च्या ऑक्टोबरांत! मध्यंतरीं, इ. स. १७६२ सालीं, चार्ल्स चर्चिल ह्या कवीनें, वर्गणी गिळली पण पुस्तक कोठें आहे, अशा अर्थाचा टोला त्यास जाहीरपणें लगावला. त्याच वर्षीं त्यास सालिना ३०० पौंडांचें राजवेतन मिळूं लागलें होतें. येथेंही वचन होतें; मग तें कां फळलें नाहीं? आमच्या मतें कारण असें कीं, वर्गणीदार पुष्कळ व विखुरलेले होते. त्यांपैकीं कोणीही दर मंगळवारीं दाराशीं येऊन उभा राहत नव्हता. पैसा आधींच हातीं पडून खर्चही झाला होता. ज्या बंधनाला चेहरा नाहीं आणि तारीख नाहीं, तें बंधन मनाला जाणवत नाहीं. ह्याच्या उलट उदाहरण इ. स. १७५९ च्या जानेवारींतलें. आई मरणोन्मुख होती. पुढें तिच्या उत्तरक्रियेच्या खर्चाचीही सोय पाहणें प्राप्त झालें. आणि ह्याच माणसानें 'रासेलस' ही कथा एका आठवड्याच्या संध्याकाळीं बसून लिहून टाकली.

स्वतःशीं केलेल्या संकल्पांचा हिशेब तर याहून करुण आहे. त्याच्या प्रार्थना व चिंतनें त्याच्या मृत्यूनंतर, इ. स. १७८५ सालीं, छापलीं गेलीं. त्यांत वाढदिवस, ईस्टर व नववर्षदिन ह्या निमित्तांनीं केलेले संकल्प पानोपानीं आढळतात: लवकर उठेन, नेमानें वाचीन, आळस सोडीन. पंचावन्नाव्या वाढदिवशीं, इ. स. १७६४ सालीं, तो खेदानें लिहितो कीं, आपलें सारें आयुष्य संकल्प करण्यांतच गेलें, हातून कांहींच झालें नाहीं. हें लिहिणाऱ्याचा कोश प्रसिद्ध होऊन तेव्हां नऊ वर्षें झालीं होतीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढल्या वर्षींच्या ईस्टरला तो सकाळीं आठ वाजतां उठण्याचा निश्चय करतो. ही वेळ कांहीं लवकर नव्हे, पण आपण पुष्कळदां दुपारीं दोनपर्यंत पडून राहतों त्या मानानें ती बरीच लवकर आहे, असेंही प्रामाणिकपणें नमूद करतो. आणि इ. स. १७७५ च्या गुड फ्रायडेला, इतकीं वर्षें मोडलेले संकल्प आठवून, तरी पुन्हा प्रयत्न कां करावा असा प्रश्न तो स्वतःस विचारतो. सुधारणा अवश्य आहे आणि निराश होणें हें पाप आहे, म्हणून करावा, असें उत्तर देतो.

ह्यानंतर दोनच वर्षांनीं, इ. स. १७७७ सालीं, पुस्तकविक्रेते पुन्हा त्याच्या दारीं आले. इंग्रज कवींच्या काव्यसंग्रहास लहान लहान प्रस्तावना जोडून द्याव्या, एवढीच त्यांची मागणी होती. त्यानें २०० गिनी मागितल्या व काम पत्करलें. याहून कितीतरी अधिक मागितलें असतें तरी मिळालें असतें, असें त्याच्या समकालीनांचें मत होतें. काम लहान समजून हातीं घेतलें म्हणून भीति वाटली नाहीं. आणि एकदां आंत शिरल्यावर त्या प्रस्तावना वाढत वाढत ५२ कवींचीं चरित्रें होऊन बसल्या. इ. स. १७७९ ते १७८१ ह्या काळांत तीं प्रसिद्ध झालीं, तेव्हां तो सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. तीं आपण कशीं लिहिलीं हें सांगतांना, नेहमींप्रमाणेंच रेंगाळत आणि घाईनें, कामाची इच्छा नसतां पण कामांत असतां जोमानें लिहिलीं, असें तो नमूद करतो. तीन वर्षांनीं, इ. स. १७८४ च्या डिसेंबरांत, तो वारला. म्हणजे आंतली आडकाठी शेवटपर्यंत गेली नाहीं, आणि कामही शेवटपर्यंत थांबलें नाहीं.

ह्या चरित्राचा आम्हीं लावलेला अर्थ असा. आधीं मन ताब्यांत आणावें आणि मग काम करावें, हा उपदेश ऐकावयास गोड आहे. परंतु जॉन्सनसारख्या धर्मनिष्ठ, विवेकी व प्रचंड बुद्धीच्या पुरुषालाही पन्नास वर्षांत तो साधला नाहीं. त्याचें जें काम झालें तें मन जिंकून झालें नाहीं; मन हरलेलें असतांही काम चालू राहील अशी व्यवस्था बाहेर लागल्यामुळें झालें. संकल्प आंत होतो, बंधन बाहेर असतें. संकल्प मोडला तर त्याचा साक्षीदार आपण एकटेच, आणि आपण आपणांस क्षमा करण्यांत फार उदार असतों. बंधन मोडलें तर कोणा दुसऱ्याच्या चुलीवर त्याचा परिणाम होतो.

ह्यावर आक्षेप येईल कीं, असल्या बंधनानें भाडोत्री लिखाण मात्र होईल, वाङ्मय होणार नाहीं. आक्षेप पोकळ नाहीं. त्या काळच्या लंडनांत करारानें बांधलेले लेखक शेंकड्यांनीं होते. त्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत. बंधन प्रतिभा देत नाहीं. तें फक्त दार उघडतें; आंत काय आहे हें ज्याच्या त्याच्या भांडवलावर अवलंबून. शिवाय कोश किंवा कविचरित्रें हीं कामें जॉन्सनवर लादलेलीं नव्हतीं; तीं त्याच्या आवडीचींच होतीं. आपल्या ओढीच्या कामाला त्यानें परक्याच्या हक्काची जोड दिली. ज्याला आंतून ओढच नाहीं त्यानें करार केल्यास तो वेठबिगारी करील. आणि ज्याला ओढ आहे पण करार नाहीं, तो आयुष्यभर संकल्प करीत राहील.

आपल्याकडेही ह्याचें प्रमाण आहे. विष्णुशास्त्र्यांची 'निबंधमाला' इ. स. १८७४ सालीं निघूं लागली आणि सात वर्षांत तिचे ८४ अंक झाले. त्यांतील बहुतेक सारा मजकूर एकाच लेखणीचा. बत्तिसाव्या वर्षांच्या आंतच ज्याचें आयुष्य संपलें त्या पुरुषानें, सवडीनें एक मोठा ग्रंथ लिहीन, असें म्हणून वाट पाहिली असती, तर आज मराठी गद्याच्या इतिहासांत केवढी पोकळी राहिली असती! अंकामागून अंक मागणारें मासिक त्यांनीं स्वतःच्या पाठीशीं लावून घेतलें.

तीस वर्षें अध्यापन करीत असतां आम्हीं अनेक बुद्धिमान विद्यार्थी व विद्वान सहाध्यापक पाहिले, ज्यांच्या कपाटांत टिपणांनीं भरलेल्या वह्या आहेत आणि पुस्तक मात्र नाहीं. कोणाचा संतांवर ग्रंथ व्हावयाचा आहे, कोणाचा आपल्या जिल्ह्याचा इतिहास, कोणाचें एक नाटक. निवृत्तीनंतर, असें ते म्हणतात. निवृत्ति येते, आणि वह्यांना कसर लागते. त्यांना आम्ही आळशी म्हणणार नाहीं. त्यांतील कित्येक दिवसाचे दहा तास राबतात. त्यांना नव्या संकल्पाचीही गरज नाहीं. संकल्प त्यांच्यापाशीं जॉन्सनइतकेच आहेत. पुढील महिन्याच्या अमुक तारखेला अमुक संपादकास पहिलें प्रकरण देतों, त्यानें पानें मोकळीं ठेवावीं, एवढें पत्र त्यांनीं आज टपालांत टाकावें. तें प्रकरण मनांतल्याइतकें चांगलें होणार नाहीं. कोशही झाला नव्हता.